रेडियम काढायची रीत

चौबे कॉलनीत विनायक साठवण्यांना सगळे रेडियमवाले अंकल म्हणतात. सरकारी नोकरी ते इमानेइतबारे करतात, पण सिंचन खात्यातल्या त्या टेबलाबद्दल विचारलंत तर ते दोन वाक्यांत विषय गुंडाळतात. रेडियमबद्दल मात्र विचारू नये. विचारणाऱ्याचा चहा दोनदा होतो, संध्याकाळ हातची जाते, आणि निघताना त्याच्या स्कूटरवर त्याच्या मुलीचं नाव चिकटलेलं असतं.

रेडियम म्हणजे गाड्यांवर लावतात ती रंगीत अक्षरं आणि चित्रं. खरं तर ते मागे गोंद असलेलं साधं व्हायनिल. पण रायपूरच्या बाजारानं त्याला रेडियमच म्हणायचं ठरवलंय, आणि बाजाराशी कोण वाद घालणार? विनायकरावांनी व्हरांड्याला काचा लावून घेतल्या, तिथे बाजाच्या पेटीएवढं एक कटिंग मशीन आणून ठेवलं, आणि ऑफिसातून आलं की शर्टही न बदलता त्याच्यापुढे बसायचं असा नेम धरला. डॉक्टरांच्या गाडीवर मुलांची नावं, ऑटोवर डोंगरगडच्या देवीचा जयजयकार, कुणाच्या फ्रिजवर हत्ती, कुणाच्या बाळाच्या खोलीत ढग. धंदा म्हणाल तर धंदा, नाद म्हणाल तर नाद. त्यांची बायको इंदू त्या मशीनला सरळ सवत म्हणायची.

मशीन फक्त अक्षराभोवती चीर पाडतं. पुढचं सगळं हाताचं काम. अक्षराबाहेरचं व्हायनिल सोलून काढायचं, मग चिमट्यानं अक्षरांच्या पोटातले बारके तुकडे उचलायचे, वरून कागदी टेप लावायची आणि ते सगळं अलगद काचेवर न्यायचं. हे पोटातले तुकडे उचलण्यात त्यांचा मुलगा भार्गव लहानपणापासून पटाईत. बोटं लांब, बारीक, आईवर गेलेली. बापलेक शेजारी शेजारी सोलत बसायचे. बाप मराठीत बोलायचा, पोरगा हिंदीत उत्तर द्यायचा. इथल्या निम्म्या मराठी घरांत असंच चालतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

विनायकरावांचा एक पाठ होता, येईल त्याला ऐकवायचे. रेडियम लावणं कुणालाही जमतं, काढणं जमलं पाहिजे. आधी केस वाळवायच्या मशीननं ते गरम करायचं. गोंद सैल पडला की नखानं एक कोपरा उचलायचा आणि अगदी आडवं, हळू ओढत न्यायचं. राहिलेल्या गोंदावर खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. ब्लेडला हात लावायचा नाही. ब्लेडनं काच खरवडून आलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं होतं, आणि चहा न विचारणं ही त्यांच्याकडची सगळ्यात मोठी शिक्षा.

त्याच विनायकरावांनी एका सकाळी ब्लेड उचललं.

भार्गव सी.ए. करत होता. शेवटची परीक्षा त्याच्या हातून पुन्हा पुन्हा निसटत होती. निकालाच्या दिवशी घरात कुणी रागवायचं नाही. विनायकराव नुसते जेवताना बोलायचे नाहीत, ताटाकडे बघत जेवायचे आणि हात धुवायला उठायचे. पोराला चार शिव्या परवडल्या असत्या. मग गेल्या हिवाळ्यातल्या निकालाला तो बाहेरून आला आणि चपला न काढता दारातूनच म्हणाला, "हो गया."

इंदूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. विनायकराव व्हरांड्यात पळाले. संध्याकाळ व्हायच्या आत भार्गवच्या स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावर, घरच्या गाडीच्या मागच्या काचेवर आणि फाटकावर निळी 'सी.ए.' झळकायला लागली. पोरगा मागे मागे फिरत म्हणत होता, अभी मत लगाओ बाबा, थोडा रुको. बापाला तो विनय वाटला. ऊर इतका भरून आला होता की त्यांनी नागपूरच्या मेहुण्यालाही एक संच कुरिअरनं धाडला. मेहुण्यानं तो कुठे लावायचा होता देव जाणे.

पोरानं त्या खोट्यातून फार काही मागितलं नव्हतं, एक जेवण बोलत बोलत व्हावं एवढंच. बापानं ते खोटं गावभर चिकटवून टाकलं. आता ते काढायचं कसं, हे भार्गवला कुणी शिकवलं नव्हतं.

बाबाराव म्हणून विनायकरावांचे लांबचे मामेभाऊ आहेत, मराठी मंडळाचे अध्यक्ष. ते पाडव्याला गुणवंतांचा सत्कार ठेवतात. त्यांनी भार्गवचं नाव यादीत घातलं आणि गुणपत्रिकेची प्रत मागितली. पाडव्याच्या सकाळी, गुढी उभारून झाल्यावर, भार्गवनं अंगणात बापाला खरं सांगून टाकलं. तो तेव्हाही नापासच झाला होता.

फाटकाबाहेर शेजारपाजारची माणसं गुढी बघायला थांबली होती. विनायकरावांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं. मग आत गेले, टेबलावरचं ब्लेड घेऊन आले आणि स्कूटरवरची अक्षरं खरवडायला लागले. निळे कपचे उडाले, रंग निघाला, खालचा पत्रा दिसायला लागला. "हे लावाची लायकी नाही तुझी," ते म्हणाले. फाटकाबाहेर ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा म्हणाले.

भार्गव रडला नाही की भांडला नाही. तो हळूच म्हणाला, "पहले गरम करते हैं ना, बाबा."

दुपारी घर आडवं झालं तेव्हा तो स्कूटर घेऊन निघून गेला. फोन उशीवर ठेवला होता. त्याच्या वाटीतलं श्रीखंड तसंच होतं. इंदूबाईंनी ते कितीतरी दिवस फ्रिजमधून काढलं नाही, आणि विनायकरावांची त्यांना ते काढा म्हणायची हिंमत झाली नाही.

पोलिसांत नोंद झाली. सज्ञान मुलगा आपल्या पायानं गेलाय, येईल आपणहून, असं तिथल्या हवालदारानं समजावलं. मित्रांना ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून सांगायचं नव्हतं. फाटकाची कडी वाजली की इंदूबाई असतील तिथे थिजायच्या, हातात कणीक असली तरी. विनायकराव ऑफिसला जायचे, फाईल उघडायचे आणि तेच पान वाचत बसायचे. कानात एकच वाक्य घुमत असायचं, आणि ते हिंदीत होतं.

मग खारुन नदीत एक तरुण सापडल्याचं कळलं. विनायकराव घरात न सांगता शवागारात गेले. चादर वर झाली तेव्हा चेहऱ्याकडे बघायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी हात पाहिले. बोटं आखूड होती, जाड होती. भार्गव नव्हता. त्यांना इतका आनंद झाला की भिंत धरावी लागली. बाहेर बाकावर दुसरा एक बाप आपली पाळी यायची वाट पाहत बसला होता. त्याच्या नजरेला नजर देणं विनायकरावांना जमलं नाही, ते खाली बघत जिना उतरले.

फोटो छापून सगळीकडे लावून टाक, असं बाबारावांनी सुचवलं. ते विनायकरावांना करवेना. पोराला एकदा गावभर चिकटवून झालं होतं. पण हातावर हात धरून बसणंही सोसेना. शेवटी त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं. मशीन सुरू केलं आणि पांढऱ्या व्हायनिलमध्ये एक ओळ कापली: 'भार्गव, घरी ये. आई वाट पाहते.' कुठेही हिंडत असला तरी पोरगा ऑटोच्या मागे कधी ना कधी उभा राहणारच, असा त्यांचा हिशेब. आणि मजकूर मराठीत, म्हणजे रायपुरात वाचतील सगळे, पण नीट कळेल ते ज्याला कळायला हवं त्यालाच.

ऑटोवाले ओळखीचेच होते. ज्याच्या काचेवर देवी फुकट लावून दिली, तो बाजूला आणखी एक ओळ लावायला नाही कशाला म्हणेल? मात्र हे काय लिहिलंय, असं सगळे विचारायचे. आमच्या कुलदेवीचा मंत्र आहे, असं विनायकराव ठोकून द्यायचे. समता कॉलनीच्या वळणावर ऑटो लावणारा लोकेश तर इतका भाविक निघाला की रोज सकाळी त्या ओळीला उदबत्ती ओवाळायला लागला. भार्गवनं हे पाहिलं असतं तर हसून लोळला असता, असं विनायकरावांच्या मनात आलं आणि त्यांना रस्त्याच्या कडेला उभं राहून डोळे पुसावे लागले.

बाबारावांनी ती ओळ पुरानी बस्तीत देवळासमोर उभ्या असलेल्या एका ऑटोवर वाचली आणि तडक फोन केला. हे काय चारचौघांत, घरची लक्तरं अशी रस्त्यावर टांगतात का, वगैरे. पाडव्याच्या सकाळी याच चारचौघांसाठी विनायकरावांनी ब्लेड उचललं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हो, मीच लावलंय, आणखीही लावणार आहे, असं सांगितलं आणि फोन ठेवला. त्यांना वाटलं होतं जीभ अडखळेल. ती अडखळली नाही.

मे महिना तापला. एक दिवस लोकेशचा फोन आला, आवाज अगदी पडलेला. "अंकल, मंत्र निकल गया. हमने नहीं निकाला, माँ कसम."

विनायकराव भर उन्हात गेले. लोकेशनं रोजच्यासारखा वळणावर ऑटो लावला होता आणि झाडाखाली जेवून डुलकी काढली होती. उठून पाहतो तर ओळ गायब. देवीच्या नावाला धक्का नाही, शेजारची ओळ तेवढी नाही. विनायकराव काचेला डोळा लावून वाकले. गोंदाचा कण नव्हता, ओरखडा नव्हता. बोट फिरवलं तर किंचित तेलकट लागलं. त्यांनी बोट नाकाशी नेलं. खोबरेल तेल.

मे महिन्यातल्या दुपारी उन्हात लावलेल्या ऑटोची काच आपोआप तापते, मशीन लागत नाही. ज्याला रेडियम काढायची रीत ठाऊक आहे तो बरोबर हीच वेळ निवडेल. आणि अख्ख्या शहरात ही रीत त्यांनी मन लावून एकालाच शिकवली होती. विनायकराव ऑटोला पाठ लावून खाली बसले. लोकेशला वाटलं ऊन लागलं, तो पाणी आणायला धावला. "जिवंत आहे," विनायकराव त्याला मराठीतच सांगत राहिले. मग भानावर येऊन त्यांनी मंत्राची सगळी खरी गोष्ट त्याला सांगितली. रोज ओवाळलेल्या उदबत्त्यांबद्दल लोकेश रागावेल असं त्यांना वाटलं होतं. तो उलट म्हणाला, "हव, तो फिर से लगाओ अंकल. बड़ा लगाओ."

त्यानंतर बाकीच्या ऑटोंवरच्या ओळीही एकेक करून गेल्या. सगळ्या तशाच, काच आरशासारखी ठेवून. विनायकरावांनी रजा टाकली आणि वळणावरच्या चहाच्या टपरीवर दिवसच्या दिवस बसायला लागले. स्कूटर दिसली की उठायचे, पत्र्यावर खरवडल्याची खूण आहे का बघायचे, परत बसायचे. ते बसले होते त्या दिवसांत एकही ओळ निघाली नाही. ते आजारी पडून घरी राहिले आणि त्याच दुपारी दोन ऑटो स्वच्छ झाले. म्हणजे तो त्यांना बघत होता. कुठूनतरी बघत होता आणि ते असेपर्यंत जवळ येत नव्हता. हे विनायकरावांच्या लक्षात आलं. ते पुन्हा टपरीवर गेले नाहीत.

घरी त्यांनी इंदूबाईंना सगळं सांगितलं. पोरगा जिवंत आहे, याच शहरात आहे हे ऐकून त्या देवापाशी जाऊन बसल्या, बराच वेळ उठल्या नाहीत. उठल्या तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते.

"अहो, तुम्ही लिवलं, आई वाट पाहते," त्या म्हणाल्या. "मी त्याले काय केलं होतं? माह्यावर थोडीच रुसला तो. तुमचं नाव काहून नाही टाकलं?"

दुसऱ्यांची नावं कापण्यात विनायकरावांचा जन्म गेला होता. ते व्हरांड्यात गेले, मशीनपुढे बसले. शब्द सोपे होते. पण मशीनला हुकूम द्यायचं बटण दाबायला त्यांना अख्खी दुपार लागली. ओळ होती: 'भार्गव, चूक माझी. बाबा.' सोलताना अक्षरांच्या पोटातले तुकडे त्यांच्या जाड बोटांना धड उचलता येईनात. एक ओळ फाटली, ती त्यांनी पुन्हा कापली.

पहिली ओळ लोकेशच्या ऑटोवर लागली. मग इतरांच्या. आता कुणी काय लिहिलंय विचारलं तर विनायकराव खरं सांगत होते. ऑटोवाले ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि काच पुसून द्यायचे.

ही ओळ राहील, असं विनायकरावांना मनापासून वाटलं होतं. निदान एखाद्या ऑटोवर तरी. आणि काही दिवस ती राहिलीही. इंदूबाईंनी पोराच्या खोलीतली चादर बदलली. मग लोकेशचा फोन आला, आणि फोनवर तो नुसता "अंकल" एवढंच म्हणाला.

तोवर आषाढ लागला होता. आभाळ भरलेलं, ऊन नाही, काच गार. विनायकराव काचेशी वाकले. या वेळी ओळ स्वच्छ निघाली नव्हती. गोंदाचे पांढरे डाग राहिले होते. 'बाबा'मधल्या एका अक्षराची कड चिकटून होती, तिच्याभोवती नखांनी खरडल्याच्या बारीक रेषा. गार काचेवरून रेडियम निघत नाही, ते कुरकुरून तुटतं आणि नखाखाली घुसतं. कोपऱ्यात काळपट लाल ठिपका वाळला होता. पोरानं बोट रक्ताळेपर्यंत ओढलं होतं. ब्लेडनं काम चटकन झालं असतं, पण काचेवर ब्लेडचा एकही चरा नव्हता.

विनायकराव तिथेच उभे राहिले. पोरगा येणार नाही, हे त्यांना कळलं होतं. आज नाही, आणि कदाचित बोलावून तर कधीच नाही. त्यांची माफी त्याला नको होती, निदान अशी काचेवर लावलेली तरी नको होती. पण दुसरीकडे कुठे ती ठेवणार? त्यांनी तो ठिपका पुसला नाही. लोकेशलाही पुसू नकोस म्हणून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात व्हरांड्यात नवा रोल आला. पांढराच, पण हाताला वेगळा. इंदूबाईंनी कोपरा खिडकीला लावून पाहिला, बोटानं ओढला. तो लगेच सुटून हातात आला, खाली काही न ठेवता.

"हे तर आपोआप निघते," त्या म्हणाल्या. "हे काहून आणलं?"

"गार काचेवरूनही निघते हे," विनायकराव म्हणाले. त्यांची नजर मशीनवरच होती. "आता पाऊस, समोर थंडी आहे. त्याच्या बोटाले लागून राहिलं, इंदू."

मशीन 'चूक माझी'च्या त्याच ओळीवर चीर पाडत होतं. इंदूबाई थोडा वेळ दारात उभ्या राहिल्या. मग शेजारची रिकामी खुर्ची ओढून बसल्या, चष्मा वर केला, आणि भार्गवचा चिमटा घेऊन अक्षरांच्या पोटातले तुकडे उचलायला लागल्या.